ओपन इलेक्टिव्हला मानवशास्त्र घ्यावं का?

गोमाईकाठची | १५ जुलै
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी यंदा बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. मुख्य विषय सूक्ष्मजीवशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह घ्यावाच लागतो आणि तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा हवा. म्हणजे मला विज्ञानातला चालणार नाही. कॉलेजने नोटीस बोर्डावर चार नावं लावलीत: पर्यटन, वैयक्तिक अर्थनियोजन, व्यावहारिक मराठी आणि मानवशास्त्राची ओळख. प्रत्येकी दोन क्रेडिट, म्हणजे ३० तास. शनिवारी दुपारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे.

वर्गातल्या बहुतेक मुलींनी पर्यटन लिहिलंय. मागच्या वर्षीच्या ताया म्हणाल्या की एक फाइल करून दिली की गुण मिळतात. माझं मन मात्र मानवशास्त्राकडे ओढ घेतंय. बारावीला उत्क्रांतीचा धडा होता, तो परीक्षा झाल्यावरही मी परत वाचला होता. पप्पांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मला धड उत्तर देता आलं नाही. त्यात कॉलेजात असंही ऐकलं की वीस जण जमले नाहीत तर तो वर्ग सुरूच होणार नाही, मग आम्हाला जिथे जागा असेल तिथे बसवतील.

कुणी घेतलाय का हा विषय? कुणी शिकवता का? विज्ञानाच्या मुलीला झेपेल का?

रावेरचा_केळीवाला | १५ जुलै
मन ओळखायचा विषय ना? आमच्या शालकाने घेतला होता. घे बिनधास्त.

गोमाईकाठची | १५ जुलै
दादा, ते मानसशास्त्र. हे मानवशास्त्र. वर्गातल्या निम्म्या जणींचाही हाच घोळ झालाय.

रावेरचा_केळीवाला | १५ जुलै
अस्सं होय! मग तुम्ही लिहा, मी वाचतो.

अमळनेरचे_सर | १५ जुलै
पोरी, आधी नियमाचं सांगतो, मग विषयाचं.

ओपन इलेक्टिव्हला पहिल्या दोन वर्षांत मिळून १० ते १२ क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात, त्यातला हा साधारण दहावा हिस्सा. एवढ्याशा जागेत दर सत्राला नवा विषय चाखायचा, की एकमेकांना धरून असलेले विषय घेत जायचं, हे आजच ठरव. मी समाजशास्त्र शिकवतो. दर वर्षी बघतो, मुलं पहिल्या सत्रात एक, दुसऱ्यात भलतंच काहीतरी घेतात आणि दुसरं वर्ष संपताना विचारलं की विषयांची नावंसुद्धा आठवत नाहीत.

आता मानवशास्त्र. त्याच्या चार फांद्या. जैविक मानवशास्त्र माणसाचं शरीर, उत्क्रांती, आनुवंशिकता बघतं. सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र नातीगोती, लग्न, देव-धर्म, देवाणघेवाण बघतं. पुरातत्त्व जुन्या वस्त्यांकडे जातं. भाषिक मानवशास्त्र बोलीकडे. एका बाजूला तुझं जीवशास्त्र, दुसऱ्या बाजूला इतिहास, आणि माणूस मध्ये उभा. त्यामुळे झेपण्याचा प्रश्नच नाही. उलट पहिली फांदी तुला कलाशाखेच्या मुलांपेक्षा लवकर कळेल.

पण नावावर जाऊ नकोस. चारही फांद्या ३० तासांत उरकायच्या म्हटल्या तर प्रत्येकीला सात-साडेसात तास येतात, त्यात व्याख्या पाठ करण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून उद्या विभागात जाऊन अभ्यासक्रमाचं पान माग. शिकवणार कोण ते विचार. वर्गाबाहेर एक दिवस तरी नेणार का ते विचार. अंतर्गत गुण चाचणीवर आहेत की तू स्वतः काही पाहून लिहिण्यावर, तेही विचार. बाहेर नेणारे सर असतील तर डोळे झाकून घे. नेणार नसतील तर मीसुद्धा घे म्हणणार नाही.

तू शहाद्याकडची दिसतेस. प्रकाशा तुझ्या घरापासून किती लांब? तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणली, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. आपण तिथे केदारेश्वराच्या दर्शनाला जातो आणि त्या थरांच्या अंगावरून चालत परत येतो.

गोमाईकाठची | १५ जुलै
सर, प्रकाशा आमच्यापासून एसटीने अर्धा तास. आजोबांच्या अस्थी तिथेच विसर्जित केल्या होत्या. उत्खननाचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या विभागात जाते.

भुसावळ_जंक्शन | १६ जुलै
मी निवृत्त रेल्वे कर्मचारी. पप्पांच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण इथे त्यांची बाजू कुणी मांडलेली नाही.

वैयक्तिक अर्थनियोजन हा विषय हलका समजू नकोस. माझ्यासोबत नोकरीला असलेल्या कितीतरी जणांना निवृत्तीच्या वेळी पैसा मिळाला आणि दोन वर्षांत संपला, कारण विमा कुठला, मुदत ठेव कुठली, व्याज कसं चढतं हे कुणी कधी शिकवलं नव्हतं. खेड्यातल्या मुलींना तर घरातही हे कुणी सांगत नाही. ३० तासांत एवढं शिकलीस तरी जन्मभर कामाला येईल. कुतूहलाची पुस्तकं पुढेही वाचता येतात.

नंदुरबारची_लॅबवाली | १६ जुलै
काकांचं चूक नाही. दुसऱ्या सत्रात अर्थनियोजन घेता येईलच की. पण गोमाईकाठची, तू सूक्ष्मजीवशास्त्राची आहेस म्हणून माझा अनुभव सांगते. माझी पदवीही त्याच बाजूची, आता प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे.

आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते. आधी विद्राव्यता चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. एवढं मला कॉलेजने शिकवलं होतं. आईवडील दोघे वाहक असतील तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक मूल होण्याची चारात दोन, हेही पाठ होतं. कागदावर सगळं सोपं.

पहिल्याच महिन्यात एका पाड्यावर एका मुलीला चारचौघांत सांगितलं, तू वाहक आहेस. मला वाटलं मी काम केलं. पुढच्या खेपेला गेले तर तिची सोयरीक मोडलेली. ती आजारी नव्हती, तिला काहीही होणार नव्हतं. नुसता वाहक हा शब्द गावभर फिरला. त्या मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. लग्न कोण ठरवतं, कुळी कशा बघतात, निरोप कुणामार्फत जातो, बाईला वेगळं बसवून कुठे बोलायचं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मशीनचं ज्ञान पुरलं नाही.

आणि हा जनुक इथे टिकला का, याचं उत्तर फक्त प्रयोगशाळेत नाही. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया, तिथे हा जनुक टिकून राहिला. रक्त, डास, जंगल, लग्नाच्या चाली, सगळं एका गोष्टीत गुंतलंय. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे, २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन करायचं लक्ष्य आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तुझ्यासारख्या मुली लागणार आहेत त्या कामाला. पप्पांना हे दाखव.

एमपीएससी_वाटसरू | १६ जुलै
उपयोगाचंच बोलायचं तर युपीएससीला मानवशास्त्र वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली, तिथेही एक वैकल्पिक विषय घ्यावा लागतो आणि त्या यादीत मानवशास्त्र आहे. विज्ञानाची बरीच मुलं तो घेतात, कारण जैविक भाग त्यांना सोपा जातो, आकृत्या काढता येतात. पहिल्या वर्षीच ओळख झाली तर पुढे फायदा होईल. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशवर फुकट आहे, वाचून बघ.

सातपुड्याचा | १६ जुलै
सगळे घे-घे म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. रागाने लिहीत नाही, पण मनापासून लिहितोय.

मी धडगाव तालुक्यातला पावरा. आश्रमशाळेत शिकलो, आता शिक्षक आहे. आमच्याकडे मानवशास्त्र म्हणजे काय, तर होळीच्या आधी येणारी कॉलेजची बस. मुलं उतरतात, मोबाइल काढतात. एकदा एका कॉलेजच्या मुलांनी माझ्या आजीला सांगितलं, चांदीचे दागिने घाला आणि चुलीपाशी बसा, फोटो हवाय. आजीने घातले, कारण पाहुणा आला की त्याला नाही म्हणायचं नसतं. तिचं नाव कुणी विचारलं नाही. पुढे त्यांच्या प्रकल्पाची प्रत एका ओळखीच्या मुलाकडे पाहिली. आमच्याकडची देज म्हणजे "मुलीची विक्री" असं त्यात लिहिलं होतं. मुलगी घरातून गेली की एका कमावत्या माणसाचे हात जातात, त्याचा मान म्हणून मुलाकडचे देज देतात. तिला सासरी त्रास झाला तर त्या देजच्या आधारावर पंच बसतात. हे विचारलं असतं तर आजीने तासभर सांगितलं असतं.

हे आजचं नाही. हर्बर्ट रिस्ले १९०१च्या जनगणनेचा आयुक्त होता, त्याने नाकांच्या मोजमापावरून माणसांच्या जाती आणि वंश मांडले. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांचं वर्णन करणारे कागद कुणीतरी निरीक्षण करूनच लिहिले होते.

म्हणून, ताई, हा विषय घेऊन तू आमच्याकडे बघायला येणार असशील, तर पर्यटन घेतलेलं बरं. त्यात निदान नाव तरी खरं आहे.

रावेरचा_केळीवाला | १६ जुलै
भाऊ, आजीचं वाचून वाईट वाटलं.

अमळनेरचे_सर | १७ जुलै
सातपुड्याचा, तुमचा शब्द न् शब्द मान्य. मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी मुलांना अशीच एक बस घेऊन गेलो होतो, परवानगी न मागता. तुमच्या भागात नव्हे, पण गाव वेगळं असलं म्हणून चूक वेगळी होत नाही. आता नेत नाही.

मोजमापांचं म्हणाल तर इरावती कर्व्यांची गोष्ट मुलांना मी मुद्दाम सांगतो. १९२७ ते १९३० त्या बर्लिनला होत्या. तिथल्या संस्थेत वंशश्रेष्ठत्वाचं वारं होतं आणि त्यांना काम दिलं होतं कवट्यांच्या विषमतेचं. वंशाप्रमाणे कवटीत फरक पडतो असं निघावं, ही मार्गदर्शकाची अपेक्षा. त्यांनी मोजलं आणि तसा फरक दिसत नाही असंच लिहिलं. परदेशात, विद्यार्थिनी असताना. पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्या देशभर फिरल्या आणि १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक लिहिलं. त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा आहे असं त्या मांडतात. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच, दक्षिणेत ती लग्नाची मुलगी. आपला खान्देश तर या पट्ट्याच्या उत्तरेच्या उंबऱ्यावर बसलेला. तुमच्या-आमच्या घरांत काय चालतं ते एकदा विचारून बघा, शेजारच्या गल्लीत वेगळं उत्तर मिळेल.

माझ्या वर्गात आता पहिला गृहपाठ एकच. स्वतःच्या घराचा नात्यांचा तक्ता. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरची खूण, मुलांना खाली उभी रेघ. आजोबांच्या आजोबांपर्यंत नावं येतात, आज्यांच्या आज्यांची येत नाहीत, हे मुलांना वहीतच दिसतं. त्याआधी दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

सातपुड्याचा | १७ जुलै
सर, हे चालेल. आधी घरचं.

जळगावचा_मामा | १७ जुलै
भाची अमेरिकेत सरकारी विद्यापीठात शिकते, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो. तिकडे हे फार जुनं. मुख्य विषय कुठलाही असो, सर्वसाधारण शिक्षणाचे ठरावीक गट पुरे केल्याशिवाय पदवी मिळत नाही: लेखन, गणित, निसर्गविज्ञान, समाजशास्त्रं, कला. आणि तिथे मानवशास्त्राला मोठी मागणी, कारण एकाच विभागाचे विषय वेगवेगळ्या गटांत बसतात. जैविक मानवशास्त्र बऱ्याच ठिकाणी निसर्गविज्ञानात धरतात, त्याला वेगळं प्रात्यक्षिक जोडलं की प्रयोगशाळेची अटही पुरी होते. सांस्कृतिक मानवशास्त्र समाजशास्त्रांच्या गटात. भाची संगणकाची. भौतिकशास्त्राला घाबरून तिने जैविक मानवशास्त्र घेतलं, आणि प्रात्यक्षिकात कवट्यांच्या प्रतिकृती हातात घेऊन दात मोजता मोजता त्यात इतकी रमली की पुढच्या सत्रात पुरातत्त्वही घेतलं.

तिचा एक सल्ला इथेही लागू पडेल. विषय निवडण्याआधी तो कुठल्या गटात मोजला जातो ते लेखी बघायचं. तिच्या मैत्रिणीने नावावरून घेतला, तो चुकीच्या गटात निघाला आणि एक सत्र वाया गेलं.

अमळनेरचे_सर | १७ जुलै
मामांनी मोलाचं सांगितलं. आपल्याकडेही हाच धोका आहे. मानवशास्त्र काही विद्यापीठांत एम.ए.ही असतं आणि एम.एस्सी.ही. म्हणून गोमाईकाठची, तुझ्या कॉलेजने तो कुठल्या विद्याशाखेच्या टोपलीत टाकलाय ते परीक्षा विभागात विचार. विज्ञानाच्या टोपलीत असला तर तुला चालणार नाही. आणि वर्ग सुरू झालाच नाही तर केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम बघ. सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यावरून घ्यायला यूजीसीची मुभा आहे. पण कॉलेजची आधी मंजुरी लागते, नाहीतर क्रेडिट बँकेत ते दिसणार नाहीत.

अहिराणी_पोऱ्या | १७ जुलै
पोरी, तुना धागा भारी शे!

सर, चौथ्या फांदीचं कुणीच बोलेना. मला भाषेचं ऐकायचंय. शाळेत अहिराणीत बोललो की बाई म्हणायच्या, शुद्ध बोल. मी सातवीपर्यंत वर्गात तोंडच उघडलं नाही. नंतर कळलं की ग्रिअरसनच्या भाषा सर्वेक्षणात खान्देशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात घातलेलंच नाही, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर ठेवलंय, १९०७ साली. मग आम्ही अशुद्ध मराठी बोलत होतो की शुद्ध अहिराणी?

यावलकर | १७ जुलै
खान्देश म्हणजे फक्त अहिराणी नव्हे भाऊ. आमच्याकडे लेवा गणबोली. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची गाणी आमच्या बोलीतली. विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, पण बाहेरचे लोक त्यांना सरसकट अहिराणी कवयित्री म्हणतात, ते मनाला लागतं.

अहिराणी_पोऱ्या | १७ जुलै
बरोबर आहे दादा, ते मीही चुकीचं लिहायचो. पण २०११च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे साडेअठरा लाखांवर नोंदले गेलेत. आणि कितीतरी जणांनी लाजेखातर मराठी लिहिलं असणार, माझ्याच घरात लिहिलंय.

सातपुड्याचा | १७ जुलै
आमच्या शाळेत पावरीत विचार करणारं पोर, मराठीत पुस्तक आणि इंग्रजीत नोटीस. पहिलीत मी पावरीतून शिकवायला लागलो तेव्हा हजेरी वाढली. भाषिक फांदी शिकवायची असेल तर तिथून सुरू करा.

यावलकर | १७ जुलै
हे आवडलं. तुमच्या शब्दांची यादी करता का? आमच्याकडचे शेतीचे शब्द मी उतरवतोय. केळीच्या बागेतलेच दीडशे झाले.

रावेरचा_केळीवाला | १७ जुलै
केळीचं निघालं म्हणून आलो. यावलकर, मला फोन करा, अजून पन्नास देतो.

धागा_राखणदार | १८ जुलै
बोलींसाठी नवा धागा काढा, तो मी वर लावून ठेवतो. इथे ताईंचा फॉर्म उद्या जायचा आहे.

चाळीसगाव_पॅसेंजर | १८ जुलै
मी मागच्या वर्षी हाच विषय घेतला होता. खरं सांगायचं तर पश्चात्ताप झाला. सर वहीतून वाचून दाखवायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने ट्रोब्रियंड बेटांवर राहून अभ्यास केला, ही ओळ मी तीनदा लिहिली, पण राहून म्हणजे नेमकं काय केलं ते कळलं नाही. त्यांचं ऐकत, त्यांची भाषा शिकत, त्यांच्यातच दिवस काढत तो तिथे राहिला, हे परीक्षेनंतर माझं मीच वाचलं.

त्याच सुट्टीत घरी आलो आणि समजलं की आमच्या तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे शहामृग! कुणीतरी बसून त्या कवचाला भोक पाडलं, दोऱ्यात ओवलं, गळ्यात घातलं. मी पाटणादेवीला लहानपणापासून दर वर्षी जातो. सत्रभर त्या वर्गात बसलो, आणि या मण्यांचा एकदाही उल्लेख झाला नाही. सरांनी पहिल्या दिवशी म्हटलंय तेच म्हणतो, विषय बघू नकोस, शिकवणारा बघ.

भुसावळ_जंक्शन | १८ जुलै
लॅबवाल्या ताईंचं पुन्हा वाचलं. माझं मत थोडं हललं. सिकलसेलची गोष्ट पप्पांना नक्की ऐकव. अर्थनियोजन मात्र दुसऱ्या सत्राला घे, सोडू नकोस.

गोमाईकाठची | १८ जुलै, रात्री
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे झालं ते सांगते.

विभागात गेले. शिकवणारे सर समाजशास्त्राचे आहेत, नवीनच लागलेत. बाहेर नेणार का विचारलं तर म्हणाले, प्रकाशाला एक दिवस न्यायचं मनात आहे, बसच्या खर्चाचं बघतोय. अंतर्गत गुणांतला मोठा वाटा स्वतः लिहिलेल्या टिपणाला. परीक्षा विभागात विचारलं, विषय मानव्यविद्येच्या टोपलीत आहे, मला चालतो. ते लेखी मागितलं तेव्हा क्लार्क काकांना नवल वाटलं, पण दिलं.

नावं सतरा झाली होती. मी आज मैत्रिणींना लॅबवाल्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोघी लगेच आल्या. तिसरी म्हणाली, बस प्रकाशाला जाणार असेल तर येते. वीस झाले!

पप्पांना तोच प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. माझ्या आत्येभावाला सिकलसेल आहे, हे मी इथे आधी लिहिलं नव्हतं. पप्पा एवढंच म्हणाले, "घे."

सातपुड्याचा दादा, तुमचं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आधी घरचं.

नंदुरबारची_लॅबवाली | १८ जुलै
बाळा, आत्येभावाची काळजी घ्या. पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली नसेल तर मला इथे निरोप पाठव.

गोमाईकाठची | ५ ऑगस्ट
मी पुन्हा आलेय. धागा खाली गेला होता, वर काढल्याबद्दल माफी. पण ज्यांनी वाट दाखवली त्यांनाच हे सांगायचं होतं.

आमच्या सरांनीही पहिला गृहपाठ तक्त्याचाच दिला. आणि रविवारी आमच्याकडे कानबाई बसली. बाहेरच्यांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसवतात, नारळाची देवी, साडी-दागिने घालून, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. तिचा प्रसाद म्हणजे रोट. रोट फक्त भाऊबंदांतच खायचा, कुळाबाहेर जाऊ द्यायचा नाही. आमच्या घरी रोटाचा गहू मोजतात तो प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. दर वर्षी बघत आले, कधी मोजला नव्हता. यंदा वही घेऊन आजीशेजारी बसले.

अकरा नावं घेतली. सगळ्यात लहान माझ्या चुलतभावाचं चार महिन्यांचं बाळ. तक्त्यात अकरा त्रिकोण बरोबर जुळले. वर्तुळं पंधरा होती, त्यांच्या नावाने काही नाही. हे मला थोडं अपेक्षितच होतं. पण एक वर्तुळ कुठे काढायचं तेच कळेना. पप्पांची आत्या. मी जन्मायच्या आधीच ती नवरा वारल्यावर माहेरी आली ती इथेच राहिली. गहू तीच निवडते, दळते, रोटाची कणीक तीच मळते, कारण तिच्यासारखी कुणाला जमत नाही. आणि सगळे रोट खायला बसले तेव्हा ती चुलीपाशी साध्या पोळ्या आणि गंगाफळाची भाजी घेऊन बसली. अठरा वर्षं मी त्याच घरात आहे. हे मला दिसलं नव्हतं.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "ती आते दुसरा कुळनी शे, बेटा." म्हणजे ती आता दुसऱ्या कुळाची. मग आत्याआजीला विचारलं. ती कणकेची परात घासत होती. म्हणाली, "माले सवय व्हई गई." थोड्या वेळाने म्हणाली, तू विचारलंस म्हणून सांगते, पहिल्या वर्षी लई वाईट वाटलं होतं.

सरांना विचारलं की हे टिपणात लिहू का. ते म्हणाले, आत्याआजीला विचार. मी विचारलं. तिने वही मागितली, तक्ता पाहिला, स्वतःचं वर्तुळ कुठलं ते दाखवायला लावलं. मग म्हणाली, लिही, पण माझं नाव नको.

सातपुड्याचा | ५ ऑगस्ट
ताई, तुमच्या आत्याआजीला माझा नमस्कार सांगा.

माझ्या आजीला तुमचं हे सगळं पावरीत सांगितलं. ती म्हणाली, त्या पोरीला दिवाळीनंतर घरी बोलाव. देजचं ती सांगेल. पण आधी तिला तुमचा तक्ता बघायचा आहे, आणि प्रश्न पहिल्यांदा ती विचारणार आहे.

गोमाईकाठची | ५ ऑगस्ट
येते. पप्पांना घेऊन येते.

रावेरचा_केळीवाला | ६ ऑगस्ट
काल रात्री बसून आमच्या घराचा तक्ता काढला. आजोबांच्या वडिलांपर्यंत सगळे त्रिकोण भरले. आजीच्या आईचं नाव कुणालाच आठवेना. आईने मोठ्या मावशीला फोन लावला, तिलाही आठवेना. उद्या मामाच्या गावी निंभोऱ्याला जाऊन विचारणार आहे, तिथे एक नव्वदीची म्हातारी आहे अजून.